तीन वेळा ग्रीन प्रिंट आली तरी टायर आतून खाल्लेला, मग अंगणात दोरी बांधून अलाइनमेंट केली त्याची गोष्ट

गेल्या गणेश चवथीच्या आधी बेळगावला बाजाराला गेलो होतो, बायको, मुलगी आणि आई, चौघं. चोर्ला घाटात पाऊस असा की वायपर फुल स्पीडवर ठेवूनही पुढचं वळण दिसत नव्हतं. येताना घाट उतरून खाली आलो आणि पुढच्या डाव्या टायरची हवा कमी वाटली, म्हणून साखळीला पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्याने चाक काढून आडवं टाकलं आणि काही न बोलता बोटाने आतली कड दाखवली. बाहेरून टायर चांगला दिसत होता, नक्षी व्यवस्थित, पण आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गुळगुळीत झाला होता आणि एका ठिकाणी तर तारा दिसत होत्या. आई मागच्या सीटवर बसून फुलांच्या पिशव्या सांभाळत होती, तिला काही सांगितलं नाही. तारा निघालेल्या टायरवर मी सगळ्या घरादाराला घेऊन तो घाट उतरलो होतो.

आता मुद्दा असा की त्या गाडीची अलाइनमेंट, म्हणजे चाकं ठरलेल्या कोनात आणायचं काम, मी वर्षभरात तीन वेळा करून घेतली होती. डिचोलीहून पणजीला नोकरी, रोज जाऊन येऊन साठेक किलोमीटर, आणि पावसाळ्यातले आमच्याकडचे रस्ते तुम्हाला सांगायला नकोत, खड्डा पाण्याने भरलेला असला की तो खड्डा आहे की डबकं हे चाक आत गेल्यावरच कळतं. त्यामुळे मी दर चार-पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करायचोच. तिन्ही वेळा स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे कंपनीच्या रेंजमध्ये, झालेले मी स्वतः बघितले होते. शेवटच्या वेळी मी तिथल्या मुलाला विचारलंही, की गाडी किंचित डावीकडे ओढते असं वाटतंय, तर तो म्हणाला "सगळें ग्रीन आसा पात्रांव, भियेनाकात" (सगळं ग्रीन आहे मालक, घाबरू नका). दुसऱ्या एका दुकानात सांगितलं होतं की कॅम्बर आउट आहे, जॅक लावून दाबून काढतो, बाराशे होतील. तेव्हा मला कॅम्बर म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं, फक्त "दाबून काढतो" हे ऐकून भीती वाटली म्हणून नको म्हटलं.

दोन नवे टायर टाकले, आणि ठरवलं की या वेळी हे नवे टायर दुकानात नेण्याआधी मला समजून घ्यायचंय की माझ्या गाडीची चाकं नेमकी कुठे बघतायत. गाडी २०१४ ची वॅगनआर, नव्वद हजारच्या पुढे चाललेली.

आधी थोडं मुद्द्याचं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वरून खाली बघितल्यावर दोन्ही पुढची चाकं समोरच्या बाजूने एकमेकांकडे झुकलेली असली तर टो-इन, फाकलेली असली तर टो-आउट. समोरून बघितल्यावर चाक उभं आहे की वरून आत किंवा बाहेर कललंय, तो कॅम्बर. कॅस्टर म्हणून तिसरा एक कोन असतो, स्टेअरिंग फिरवल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललाय त्याचा, पण तो घरी नीट मोजणं मला जमलं नाही आणि तो सहसा आपोआप बिघडत नाही, जोरात कुठे आपटल्याशिवाय. टायर खाण्यात सगळ्यात मोठा हात या टो-इन, टो-आउटचा, म्हणजे टोचा असतो. चाक पाव अंश जरी वाकडं असलं तरी हिशोबाने दर किलोमीटरला साधारण साडेचार मीटर ते आडवं घासत जातं. माझ्या साठ किलोमीटरच्या ये-जात म्हणजे रोज अडीचशे मीटरच्या वर. हे गणित मी वहीत मांडलं तेव्हा त्या गुळगुळीत पट्ट्याचं कोडं सुटलं. टो-आउट जास्त असेल तर आतली कड जाते, टो-इन जास्त असेल तर बाहेरची, आणि हाताचा पंजा नक्षीवरून आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागतं, ती टोची खूण. कॅम्बरने कड झिजते पण अशी करवत सहसा होत नाही. माझ्या जुन्या टायरला करवत चांगलीच होती.

सामान काय लागलं तर बहुतेक गवंडीकामाचं. आमच्या शेजारी एक मिस्त्री काका आहेत, जांभ्याच्या चिऱ्यांची घरं बांधण्यात सगळं आयुष्य गेलेलं, त्यांच्याकडून लाइनदोरी, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल पाइप आणली. माझ्याकडे स्टीलची पट्टी होती, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची, आणि वायरिंगच्या वेळचे दोन पीव्हीसी पाइप उरलेले होते. काकांनी विचारलं "गाडीला कशाला ओळंबा?" मी सांगितल्यावर ते स्वतःच आले, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीचं अर्धं काम त्यांनीच केलं.

पहिली अडचण अंगणाचीच निघाली. पेव्हर घातलेलं अंगण डोळ्यांना सपाट दिसतं, पण पावसाचं पाणी जायला त्याला उतार दिलेला असतो. काकांनी पाइपात नीळ घातलेलं पाणी भरलं, चार चाकांच्या चार जागा धरल्या आणि खडूने आकडे लिहिले, तर एक कोपरा १४ मिलिमीटर खाली. मग उरलेल्या फरशांचे आणि प्लायचे तुकडे घालून चारही जागा एका पातळीत आणल्या. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरश्या, मधे ग्रीस, म्हणजे चाक जमिनीला अडकून न राहता मोकळं सरकतं. दुकानात त्यासाठी फिरत्या प्लेट असतात, ग्रीस लावलेल्या फरश्या तेच काम करतात.

मग चारही टायरची हवा स्टिकरवर दिल्याप्रमाणे भरली, गाडी थंड असताना. डिकीतलं फालतू सामान काढलं. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, बरोबर मधे आणलं आणि दोरीने सीटला बांधून टाकलं. बॉनेट दोन्ही हातांनी तीन-चार वेळा दाबून सोडलं म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही हे लक्षात ठेवा, चाकं तिरकी रोवल्यासारखी उभी राहतात, निदान दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलून आणावी लागते.

दोरीची पद्धत अशी. एक पाइप गाडीच्या पुढे आडवा, एक मागे आडवा, दोन्ही पाइपांना अगदी सारख्या अंतरावर खाचा, आणि त्या खाचांमधून दोन दोऱ्या ताणून गाडीच्या दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याच्या उंचीवर. पाइपांच्या खाचा सारख्या असल्यामुळे दोऱ्या एकमेकींना समांतर असतातच, पण त्या गाडीलाही समांतर करायच्या असतात, म्हणून मागच्या दोन्ही चाकांच्या हबच्या मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर डावीकडे-उजवीकडे सारखं होईपर्यंत पाइप सरकवायचे, मग पुढच्या हबपासूनही तसंच. इथे एक चूक मी केली, दोरी सरळ मागच्या टायरला टेकवून पुढे नेली, आणि उत्तर भलतंच आलं, कारण बऱ्याच गाड्यांची पुढच्या दोन चाकांमधली आणि मागच्या दोन चाकांमधली रुंदी सारखी नसते. दोरी गाडीला कुठेच टेकली नाही पाहिजे. हे एवढं बसवायला पहिल्यांदा दोन तास गेले. मुलगी टॉर्च धरून बसली होती आणि आकडे लिहीत होती.

आता पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजायचं. पुढचं अंतर कमी भरलं तर चाक पुढून बाहेर फाकलंय. उजवं चाक अर्धा मिलिमीटर टो-इन, छान. डावं १ मिलिमीटर टो-आउट. रिम वाकडी असेल तर फसायला नको म्हणून चाक अर्धा फेरा फिरेल एवढी गाडी पुढे ढकलून परत मोजायचं असतं आणि दोन्हींचं मधलं घ्यायचं. ढकलली, दोऱ्या परत बसवल्या, मोजलं. उजवं तेच, अर्धा. डावं ३. परत मागे घेतली, परत मोजलं. डावं पुन्हा १.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दोरी सैल असेल, पट्टी तिरकी धरली असेल. तो सगळा रविवार मी तेच करत राहिलो, आणि डाव्या चाकाचा आकडा दर वेळी वेगळा. संध्याकाळी काका म्हणाले, अरे, भिंत रोज वेगळी भरते तर दोरीत दोष नाही, भिंतच हलतेय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घेतली. इथे एक कळकळीने सांगायचंय, आपल्याकडे गाडीखाली चिरा लावायची सवय आहे, मी गॅरेजमध्येसुद्धा बघितलंय. चिरा लावू नका. चिरा मऊ दगड आहे, आत पोकळ्या असतात, पावसात भिजलेला असेल तर आणखीनच कमकुवत, आणि वजन एका टोकावर आलं की तो आधी न सांगता फुटतो. लोखंडी जॅक स्टँड विकत घ्या, नाहीतर चाक काढून खाली हातच घालू नका.

चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवलं तर डाव्या बाजूला स्पष्ट टक-टक आवाज आणि हाताला प्ले, म्हणजे ढिलेपणा. बारा आणि सहाला धरून हलवलं तर काही नाही, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक. मग गाडी खाली घेतली, बायकोला इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग अगदी थोडं डावं-उजवं करायला सांगितलं आणि मी स्टेअरिंगचा रॉड जिथे चाकाला जोडतो त्या सांध्यावर, म्हणजे टाय रॉड एंडवर, बोट ठेवलं. रॉड हलायचा, चाकाकडचा आर्म थोड्या वेळाने हलायचा. त्या मधल्या फटीत माझे तीन अलाइनमेंटचे पैसे आणि दोन टायर गेले होते. परत स्टँडवर घेऊन टॉमी (लोखंडी पहार) लावून लोअर आर्म, म्हणजे चाक खालून धरणारा दांडा, दाबून बघितला, तर त्याचा मागचा बुश (रबरी सांधा) फाटून निम्मा वेगळा झालेला.

आणि इथे मला दुकानवाल्यांबद्दल नीट बोलायचंय, कारण त्यांनी मला फसवलं असं माझं म्हणणं नाही. मशीन खोटं बोललं नव्हतं. मशीनचे कॅमेरे चाकांना लावलेली टार्गेट बघतात आणि त्या क्षणी चाक जिथे आहे तो कोन सांगतात. गाडी उभी असताना सैल जॉइंट जिथे बसला तिथे मुलाने टो ॲडजस्ट केला, आकडे हिरवे झाले, प्रिंट निघाली. मी बाहेर पडून पहिला ब्रेक मारला की फाटलेला बुश मागे सरकणार, पहिल्या खड्ड्यात टाय रॉड एंड दुसऱ्या बाजूला बसणार, आणि ती प्रिंट संपली. पण अलाइनमेंट करण्याआधी चाक धरून हलवून बघायला एक मिनिट लागतं. तीनही वेळा एकानेही ते एक मिनिट दिलं नाही, आणि कॅम्बर दाबून काढायची तयारी मात्र होती. याचा मला राग आहे. माझ्या गाडीला कंपनीने कॅम्बरची ॲडजस्टमेंट ठेवलेलीच नाही, कॅम्बर बाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय असा त्याचा अर्थ, आणि ते शोधायचं सोडून चांगला भाग जॅकने वाकवायचा म्हणजे ताप आहे म्हणून थर्मामीटर वाकवण्यासारखं आहे.

टाय रॉड एंड आणि बुश मी स्वतः बदलले नाहीत. बुश प्रेसवर बसवावा लागतो, ते माझ्याकडे नाही, आणि स्टेअरिंगच्या जॉइंटवर मला पहिला प्रयोग करायचा नव्हता. डिचोलीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड आणि डाव्या आर्मचे बुश बदलले, मजुरी धरून अडीच हजाराच्या आत. अलाइनमेंट करू नको, मी बघतो म्हटल्यावर तो जरा चमकला, पण नवे एंड मोजून जुन्याइतक्याच आट्यांवर बसवून दिले.

पुढच्या रविवारी परत फरश्या, परत दोऱ्या. या वेळी पाऊण तासात बसलं. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखे. ते बघून जे बरं वाटलं ते सांगता येत नाही. डावं २ टो-आउट, उजवं १ टो-आउट.

ॲडजस्टमेंट स्वतः सोपी आहे, गंज अवघड आहे. आमच्याकडची दमट हवा आणि चार महिन्यांचा चिखल, लॉकनट आट्यांना चिकटलेले. आदल्या रात्री डब्ल्यूडी फॉर्टी मारून ठेवलं होतं म्हणून सुटले. रॉड फिरवायच्या आधी रॅकच्या (स्टेअरिंग फिरवल्यावर दोन्ही रॉड ढकलणारा भाग) रबरी बूटची बारीक क्लिप ढिली करायची, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळवटतो आणि काही महिन्यांत फाटतो, मग पाणी आत जाऊन सगळा रॅकच जातो. हे मी बऱ्याच जणांनी विसरलेलं बघितलंय. माझ्या गाडीत रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे, त्यामुळे रॉड लांब केला की चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि पुढची आत येते, म्हणजे टो-इनकडे. तुमच्या गाडीत रॅक पुढे असेल तर उलटं. पाव फेरा फिरवला की रिमवर साधारण एक मिलिमीटर बदलत होतं. पाव फेरा, गाडी पुढे-मागे, मोजणी, परत पाव फेरा, असं करत दोन्ही चाकं मिळून १ मिलिमीटर टो-इनवर आणली आणि लॉकनट आवळले. आवळताना रॉड दुसऱ्या पान्ह्याने धरून ठेवायचा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो. मग नट आणि रॉडवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, पुढे कधी हलला तर लगेच दिसेल.

ओळंब्याने कॅम्बरही बघितला. ओळंबा चाकाशेजारी सोडायचा, रिमच्या वरच्या कडेपासून आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजायचं. तेरा इंची रिमच्या कडेवर ३ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण अर्धा अंश. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी निघाली, बाराशे रुपयांत दाबून काढण्यासारखं काहीच नव्हतं.

टेस्टला पाटो ते रायबंदरचा कॉजवे, रविवारी पहाटे सहाच्या सुमाराला. १६३४ सालचा तो पूल, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मिठागरांचं पाणी, बराचसा सरळ आणि सपाट, चढ-उतार नाही, आणि त्या वेळेला रस्ता रिकामा. साध्या रस्त्यावर टेस्ट केली तर फसगत होते कारण पाणी जायला रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे कुठलीही चांगली गाडी थोडी डावीकडे जाणारच. गाडी सरळ गेली, पण स्टेअरिंग किंचित वाकडं होतं. घरी येऊन एका बाजूचा रॉड थोडासा लांब आणि दुसरा तेवढाच आखूड केला, त्याने एकूण टो बदलत नाही, फक्त स्टेअरिंग मधे येतं. दोन फेऱ्यांत जमलं.

एवढं करूनही मला खात्री पाहिजे होती, कारण गाडीत घरची माणसं बसतात. म्हणून फोंड्याला एका दुकानात गेलो, आधीच सांगितलं की फक्त मोजून द्या, रनआउट घ्या, आणि हात लावायच्या आधीची प्रिंट द्या. रनआउट म्हणजे गाडी थोडी ढकलून मशीनला रिम आणि क्लॅम्पचा वाकडेपणा ओळखू देणं, घाईत असलं की हे टाळतात. आणि मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलंय का तेही स्क्रीनवर बघा, चुकीचं मॉडेल निवडलं तर हिरवा रंग चुकीच्या गाडीचा असतो. माझा १ मिलिमीटर तेरा इंची रिमच्या कडेवर हिशोबाने कोनाची साडेनऊ मिनिटं, म्हणजे अंशाचा साधारण सहावा भाग. मशीनवर आलं आठ मिनिटं, तेही रेंजमध्ये. तिथला मालक दोरी आणि फरश्यांचं ऐकून दहा मिनिटं प्रश्न विचारत बसला, मागच्या ॲक्सलचे आकडेही समजावून सांगितले, आणि मी विचारायच्या आधी स्वतः चाक धरून हलवून बघितलं. चारशे रुपये दिले. एकही नट न फिरवता दिलेले ते चारशे रुपये मला जड गेले नाहीत, आता गाडी तिथेच नेतो.

मागच्या ॲक्सलला माझ्या गाडीत ॲडजस्टमेंट नाही, तो वाकला का हे बघायला मशीनच बरं. आणि तुमची गाडी नवी असेल, ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) किंवा लेनमध्ये ठेवणारे कॅमेरे वगैरे असतील, तर टो बदलल्यावर स्टेअरिंगचा सेन्सर परत झिरो करावा लागू शकतो, ते बऱ्याचदा स्कॅनरशिवाय होत नाही, त्या गाड्यांना घरी फक्त मोजा आणि चाक हलवून बघा, पान्हा लावू नका.

आता नव्या टायरवर सात हजार किलोमीटर झाले. डेप्थ गेज घेतलंय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी आत, मधे आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजते आणि वहीत लिहिते. नक्षीच्या खोलीची कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर आहे, आमच्या डाव्या टायरचे गेल्या रविवारचे आकडे ६.४, ६.५, ६.५. लाइनदोरी काकांना परत करायला गेलो होतो, त्यांनी घेतली नाही, म्हणाले पुढच्या महिन्यात माझ्या पिकअपला लागेल, तुझ्याकडेच राहू दे.